अटलांटाहून फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याला: वादळांतून सावरणाऱ्या गावांत सहकुटुंब गाडीने जाताना

अटलांटा परिसरात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाची गाडीने केलेली पहिली लांबची सहल बहुधा दक्षिणेचीच असते. मुलांना समुद्र हवा असतो, भारतातून आलेल्या आई-बाबांना ऊन हवं असतं, आणि आय-७५ हा महामार्ग थेट तिकडेच जातो. पण गेल्या काही वर्षांत तिकडे एकामागून एक मोठी वादळं आली. त्यामुळे निघण्याआधी घरोघरी दोन प्रश्न निघतात. तिकडे आता काही उरलंय का? आणि लोकांची घरं पडलेली असताना आपण तिथे सुट्टी घालवायला जाणं बरं दिसतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जा, जरूर जा. या गावांचं पोट येणाऱ्या माणसांवर चालतं. मोटेल पुन्हा उभं केलेल्या मालकाला, तिथे खोल्या आवरणाऱ्या बाईला, मासेमारीच्या बोटी फिरवणाऱ्याला गिऱ्हाईक हवं असतं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. तेव्हा ज्यांच्याकडे पाहुण्यांसाठी चार खोल्या होत्या, त्यांच्या हाती निदान काही पैसे येण्याची सोय होती. पोफळीचं नवं रोप फळायला वर्षं लागतात. फ्लोरिडातही हेच आहे. फक्त जायचं ते चौकशी करून. जुने फोटो पाहून, जुन्या याद्या वाचून आणि इंटरनेटवरच्या अभिप्रायांतल्या चांदण्या मोजून केलेलं नियोजन या किनाऱ्यावर फसतं. ती चौकशी कशी करायची, तेच क्रमाने सांगते.

१. किनाऱ्याचा कोणता तुकडा, हे आधी ठरवा

"फ्लोरिडाचा किनारा सुरू झाला का?" या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण प्रत्येक तुकड्यावर वेगळं वादळ वेगळ्या साली आलं आणि प्रत्येक तुकडा सावरण्याच्या वेगळ्या टप्प्यावर आहे.

सर्वांत जवळचा तुकडा वायव्येचा, म्हणजे पॅनहँडल. पनामा सिटी बीच अटलांटाहून साधारण ३०० मैल. त्याच्या पूर्वेला मेक्सिको बीच हे छोटं गाव आहे. १० ऑक्टोबर २०१८ ला मायकेल हे पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचं वादळ तिथेच धडकलं आणि गाव जवळजवळ साफ झालं. नवी घरं उंच खांबांवर उभी राहिली आहेत. एक लक्षात ठेवा: पनामा सिटी बीचचं घड्याळ अटलांटापेक्षा एक तास मागे असतं. चेक-इन आणि बोटीच्या वेळा ठरवताना इथे गोंधळ होतो.

दुसरा तुकडा बिग बेंड, म्हणजे पॅनहँडलनंतर किनारा दक्षिणेकडे वळतो तो भाग: स्टाइनहॅची, सीडर की. ऑगस्ट २०२३ मध्ये इडालिया, ऑगस्ट २०२४ मध्ये डेबी आणि २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलीन, अशी तीन वादळं तेरा महिन्यांत याच भागात शिरली. इथे पांढऱ्या वाळूचे लांब किनारे नाहीत. खारट दलदल, शिंपल्यांची शेती, पक्षी आणि शांतता आहे. लहान मुलांना वाळूत खेळायचं असेल तर हा तुकडा निवडू नका. आई-बाबांना निवांत जागा आवडत असेल तर सीडर कीवर एक रात्र जरूर काढा. तिथल्या लोकांना तुमच्या येण्याचा खरा आनंद होतो.

तिसरा तुकडा टाम्पा बे ते सारासोटा: क्लिअरवॉटर, मडेरा बीच, ट्रेझर आयलंड, सेंट पीट बीच, ॲना मारिया आयलंड, सिएस्टा की. हेलीनचा डोळा इथून खूप दूर समुद्रातून गेला, तरी त्याने ढकललेलं पाणी या चिंचोळ्या बेटांवरच्या घरांत शिरलं. लोक भिजलेल्या गाद्या रस्त्याकडेला टाकत होते, तेवढ्यात तेराव्या दिवशी, ९ ऑक्टोबरला, मिल्टन सिएस्टा कीजवळ धडकलं. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला मी हाच तुकडा सुचवते. अटलांटा ते टाम्पा साधारण ४५० मैल, न थांबता सात तास, मुलं बरोबर असतील तर नऊ धरा. समुद्रावर काही बंद असलं तरी शहरात करण्यासारखं खूप आहे.

चौथा तुकडा फोर्ट मायर्स, फोर्ट मायर्स बीच आणि सॅनिबेल. २८ सप्टेंबर २०२२ च्या इयनने सॅनिबेलला जोडणारा रस्ता ठिकठिकाणी तोडला होता. १८८४ सालच्या दीपगृहाचा एक पाय वाहून गेला, तरी ते उभं राहिलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचा दिवा पुन्हा लागला. शिंपल्यांसाठी सॅनिबेलसारखी दुसरी जागा नाही. पण अटलांटाहून हे अंतर जवळपास ५८० मैल आहे. लहान मुलं असतील तर वाटेत एक मुक्काम करा.

२. महिना निवडा

वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्यातही मध्य ऑगस्ट ते मध्य ऑक्टोबर हा सर्वांत धोक्याचा काळ. वर सांगितलेल्या तारखा पुन्हा पाहा, जवळजवळ सगळ्या त्याच पट्ट्यात आहेत. शाळेच्या सुट्टीमुळे जून-जुलैत जावं लागलं तर जा, पण भाड्याची अट नीट वाचून. माझ्या मते एप्रिलचा दुसरा पंधरवडा आणि मे सर्वांत चांगले: पाणी कोमट, गर्दी मावळलेली. मार्चमध्ये स्प्रिंग ब्रेकमुळे, म्हणजे शाळा-कॉलेजांच्या सुट्टीमुळे, भाडी चढतात. डिसेंबर-जानेवारीत ऊन छान असतं, पण पाण्यात मुलं कुडकुडतात.

३. राहण्याची जागा: फोन केल्याशिवाय पैसे भरू नका

सर्वांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे वेळ घाला.

आधी एक नियम समजून घ्या. पूरक्षेत्रातल्या इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या बाजारभावाच्या ५० टक्के किंवा अधिक झाला (जमिनीची किंमत यात धरत नाहीत), तर ती जशी होती तशी दुरुस्त करता येत नाही. आजच्या नियमांनुसार ती उंच करावी लागते, नाहीतर पाडून नवी बांधावी लागते. म्हणून समुद्राला लागून असलेली, जमिनीच्या पातळीवरची जुनी, स्वस्त, घरगुती मोटेलं वर्षानुवर्षं बंद दिसतात आणि शेजारचा उंच टॉवर सुरू असतो. एकाच गल्लीत एक घर चकचकीत, दुसरं अर्धवट खांबांवर उचललेलं, तिसऱ्याच्या जागी नुसता मोकळा प्लॉट, असं चित्र दिसेल. त्यामुळे गाव सुरू आहे एवढ्यावर भागत नाही, तुमची इमारत आणि तिचा शेजार दोन्ही विचारावे लागतात.

फोनवर हे विचारा:

- जाहिरातीतले फोटो कोणत्या महिन्यातले आहेत? आज काढलेला एक फोटो पाठवाल का?
- लिफ्ट चालू आहे का? आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर हा पहिला प्रश्न. पुरात तळमजल्यावरची यंत्रणा गेली की लिफ्ट महिनोन्महिने बंद राहू शकते.
- पोहण्याचा तलाव, वॉशिंग मशीन, तळमजल्यावरचं पार्किंग सुरू आहे का?
- शेजारी बांधकाम चालू आहे का, आणि सकाळी किती वाजता सुरू होतं?
- इमारतीसमोरून वाळूवर उतरता येतं का? लाकडी पूल वाहून गेला असेल तर अर्धा मैल चालत सार्वजनिक वाटेने जावं लागतं.
- नाव दिलेलं वादळ आलं किंवा गाव रिकामं करण्याचा हुकूम निघाला, तर पैसे परत मिळतात का? हे उत्तर ईमेलवर लिहून घ्या.

सहलीचा विमा घेणार असाल तर आरक्षणाबरोबरच घ्या. वादळाला नाव मिळाल्यावर घेतलेला विमा साधारणपणे त्या वादळासाठी चालत नाही. आसपासच्या भावापेक्षा खूपच स्वस्त जागा दिसली आणि मालक ठरलेल्या संकेतस्थळाबाहेर पैसे पाठवायला सांगू लागला, तर तिथेच थांबा. वादळानंतर अशा फसवणुकी वाढतात.

स्वयंपाकघर असलेली जागा आपल्या लोकांना सोयीची पडते. फक्त फोडणी देताना खिडकी उघडा आणि पंखा लावा. धुराची घंटा वाजली तर काही इमारतींत सगळ्यांना खाली उतरावं लागतं.

४. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रांचं एक पाकीट करा आणि ते गाडीच्या कप्प्यात न ठेवता आपल्या पिशवीत ठेवा:

- चालकाचा परवाना. जॉर्जियात राहायला आल्यावर ३० दिवसांत इथला परवाना काढावा लागतो. भारतातून पाहुणे आलेले भाऊ-बहीण गाडी चालवणार असतील तर त्यांनी मूळ परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना आणावा, भाड्याची गाडी देणारे तो मागू शकतात.
- गाडीची नोंदणी, विम्याचं कार्ड. भाड्याची गाडी असेल तर करारावर प्रत्येक चालकाचं नाव हवं.
- पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती आणि आय-९४, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद. राज्यांच्या सीमेवर कोणी तपासत नाही, पण १८ वर्षांवरील परदेशी नागरिकाने नोंदणीचा कागद जवळ ठेवावा असा कायदा आहे.
- आरोग्य विम्याची कार्डं. आई-बाबांसाठी प्रवासी विम्याची छापील प्रत आणि त्यांच्या औषधांची यादी, औषधाच्या मूळ नावासकट.
- आरक्षणाची आणि मुक्कामाच्या पत्त्याची छापील प्रत. वीज गेली की नेटवर्कही जातं.
- थोडी रोख रक्कम, सुट्ट्या नोटांत.

सामानात नेहमीच्या गोष्टींखेरीज पाण्यात घालायचे जाड तळाचे बूट प्रत्येकासाठी घ्या. वादळाने समुद्रात नेलेले खिळे, काचा आणि लाकडाच्या फळ्या अजून वाळूत सापडू शकतात. प्रथमोपचाराची पेटी, बॅटरी, फोन चार्ज करायची पॉवर बँक, डासांचं औषध आणि पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे कॅन घ्या. मुलांच्या सीटबाबत जॉर्जियाचा नियम फ्लोरिडापेक्षा कडक आहे: आठ वर्षांखालच्या मुलांना कार सीट किंवा बूस्टर हवाच. तोच दोन्हीकडे पाळा.

५. रस्ता

टाम्पाच्या बाजूचा रस्ता सोपा आहे: आय-७५ धरायचा आणि सोडायचा नाही. मेकनजवळ मात्र आय-४७५ घ्या, शहराला वळसा पडतो आणि वेळ वाचतो. शुक्रवारी दुपारी निघू नका. पहाटे पाचला निघालात तर अटलांटाची गर्दी उठायच्या आत मेकनच्या पुढे असाल.

वॉर्नर रॉबिन्सजवळ एक्झिट १४४ ला बकीज हा पेट्रोलपंप आणि दुकान आहे: प्रचंड मोठं, स्वच्छ स्वच्छतागृहं, पेट्रोलचे भरपूर पंप. डबा गाडीत असला तरी थांबा तिथेच घ्या. दशम्या, मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी हे प्रवासात टिकतं. दहीभात बर्फाच्या पेटीत ठेवा. व्हॅल्डोस्टाच्या आसपास मोडलेली पाइनची झाडं आणि उजाड झालेल्या पिकानच्या बागा दिसल्या तर मुलांना सांगा की समुद्रापासून इतक्या आत येऊनही हेलीनचा जोर ओसरला नव्हता. राज्याची हद्द ओलांडताच जेनिंग्जजवळ फ्लोरिडाचं स्वागत केंद्र लागतं. तिथे फुकट रस मिळतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काउंटरवरच्या माणसाला तुमच्या गावाची आजची स्थिती विचारता येते. गेन्सव्हिलच्या दक्षिणेला आय-७५ पेन्स प्रेअरी या गवताळ, दलदलीच्या भागातून जातो. तिथे बायसन (गव्यासारखे रानटी प्राणी) आणि मगरींच्या जातीचे ॲलिगेटर आहेत. वेळ असेल तर थांबा.

रस्त्यावरचे सापळे:

- जॉर्जियात गाडी चालवताना फोन हातात धरणं गुन्हा आहे. फोन स्टँडवर लावा.
- जॉर्जियात ताशी ८५ मैल किंवा अधिक वेगाने पकडलं, तर नेहमीच्या दंडावर २०० डॉलर आणखी भरावे लागतात. दोनपदरी रस्त्यावर ही मर्यादा ७५ आहे.
- फ्लोरिडात अनेक टोल नाक्यांवर रोख घेतच नाहीत. जॉर्जियाचा पीच पास हा टोलचा पास तिथे चालतो. निघण्याआधी त्यात पैसे आहेत ना, ते पाहा. भाड्याच्या गाडीत टोलची काय सोय आहे ते आधी विचारा, नाहीतर टोलपेक्षा त्यावरचं शुल्क जास्त होतं.
- उन्हाळ्यात दुपारी ढगफुटीसारखा पाऊस येतो. समोरचं दिसेनासं झालं तर पुढच्या एक्झिटला उतरा आणि अर्धा तास थांबा, बहुधा तो तेवढ्यात सरतो.

सेंट पीटर्सबर्गहून सारासोटाकडे जाताना आय-२७५ वरचा सनशाइन स्कायवे पूल लागतो. १९८० मध्ये जहाज धडकून जुना पूल कोसळला, ३५ माणसं गेली, आणि १९८७ मध्ये हा नवा पूल उघडला. जोराच्या वाऱ्यात तो बंद करतात. त्यामुळे त्या दिवशी निघण्याआधी एफएल ५११ या रस्त्यांची स्थिती सांगणाऱ्या सेवेवर पाहून घ्या.

६. वाळूवर आणि पाण्यात

पहिल्याच दिवशी जीवरक्षकाच्या चौकीवरचा झेंडा मुलांना वाचायला शिकवा. हिरवा म्हणजे शांत पाणी, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे जोरदार प्रवाह, दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायलाच बंदी. जांभळा म्हणजे डंख मारणारे जीव आहेत.

अंगावर उघडी जखम असेल, अगदी खरचटलेलं असलं तरी, समुद्राच्या कोमट पाण्यात उतरू नका. या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात. वादळाच्या पुरानंतर त्यांचे रुग्ण वाढतात, आणि मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्या वडीलधाऱ्यांना ते जिवावर बेतू शकतात. जखम लाल होऊन भराभर पसरू लागली तर त्याच तासाला इस्पितळ गाठा. रेड टाइड नावाची शेवाळाची लाट आली असेल तर घसा खवखवतो आणि किनाऱ्यावर मेलेले मासे दिसतात. दमा असलेल्याला त्या दिवशी आतच ठेवा. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता फरफटत चाला, वाळूत दडलेले स्टिंगरे मासे बाजूला होतात.

काही ठिकाणी समुद्रातली वाळू मोठ्या नळांतून किनाऱ्यावर आणून टाकतात. तेव्हा तो भाग दोरी लावून बंद असतो. तिथे मुलांना खेळू देऊ नका. वाळूच्या उंचवट्यांवर लावलेलं सी ओट्स हे उंच गवत वाळू धरून ठेवतं. ते तोडणं बेकायदा आहे, त्यावरून चालूही नका. मे ते ऑक्टोबर कासवं अंडी घालतात. वेळासला ऑलिव्ह रिडलीची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली असतील तर मुलांना लगेच कळेल: रात्री किनाऱ्याकडे दिवे लावायचे नाहीत आणि खणलेले खड्डे बुजवून परतायचं. सॅनिबेलवर जिवंत जीव आत असलेला शिंपला उचलायला बंदी आहे. प्रत्येक शिंपला उलटा करून पाहा.

समुद्र बंद असेल त्या दिवसासाठी दुसरा बेत तयार ठेवा. सेंट पीटर्सबर्गचं चित्रकार साल्वादोर दाली यांचं संग्रहालय दीड फूट जाड काँक्रीटच्या भिंतींचं आहे, वादळात चित्रं सुरक्षित राहावीत म्हणून तसंच बांधलेलं. फोर्ट मायर्सला एडिसन आणि फोर्ड यांच्या हिवाळी घरांच्या आवारात १९२० च्या दशकात लावलेला वड आहे. पारंब्यांसह तो जवळपास एक एकर पसरलाय. त्याच्याखाली उभं राहिल्यावर आई-बाबांना गावचा पार आठवणारच. परतीच्या वाटेवर रेनबो स्प्रिंग्ज किंवा इचेटकनीचे झरे आहेत. त्यांचं पाणी बारा महिने २२ अंशांच्या आसपास असतं.

७. खाणं, पैसे आणि वागणूक

किनाऱ्यावरच्या बऱ्याच छोट्या खानावळी माणसं कमी असल्यामुळे आठवड्यातले काही दिवसच उघडतात. फोन करून जा. वाढणारा एकटाच धावपळ करत असेल तर उशीर सहन करा आणि २० टक्के टिप ठेवा. मासे खाणाऱ्यांनी ग्रूपर माशाचं सँडविच आणि सीडर कीचे शिंपले खावेत. स्टोन क्रॅब या खेकड्याचा हंगाम १५ ऑक्टोबर ते १ मे. शाकाहारी लोकांसाठी गावात फारसं नसतं, तेव्हा डाळ-तांदूळ, पोहे, मेतकूट घरून न्या. दूध-भाजी पब्लिक्स या सुपरमार्केटमध्ये मिळते. पण सगळा किराणा घरून भरून नेऊन त्या गावात एक डॉलरही न खर्चता परत येऊ नका. नाश्ता गावातच करा, बोटीची फेरी तिथल्याच माणसाकडून घ्या.

पडक्या घरासमोर उभं राहून फोटो काढू नका. आत कदाचित कोणी सामान आवरत असेल. मोकळ्या प्लॉटवर गाडी लावू नका, तो कोणाचा तरी आहे. "वादळात तुमचं काय झालं?" असं आपण होऊन विचारू नका. लोक स्वतःहून सांगतात, तेव्हा बसून ऐका. मुलांनाही हे आधी सांगून ठेवा.

८. तुम्ही तिथे असताना वादळ आलं तर

राष्ट्रीय हरिकेन केंद्राचं नवं पत्रक पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ ला येतं. नकाशावरचा पांढरा शंकू फक्त वादळाचं केंद्र कुठून जाऊ शकेल ते दाखवतो. शंकूबाहेर आहोत म्हणून सुरक्षित आहोत, असं नाही. हेलीनचं केंद्र दूर असूनही टाम्पा बेच्या बेटांवर माणसं बुडाली.

पोचल्याच दिवशी मुक्कामाचा स्थलांतर विभाग कोणता ते पाहून ठेवा. समुद्रालगतची बेटं बहुधा ए विभागात असतात आणि सर्वांत आधी रिकामी करतात. हंगामात गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. हुकुमाची वाट पाहू नका. वादळ या किनाऱ्यासमोरच्या मेक्सिकोच्या आखातात शिरतंय असं दिसताच निघा. पाहुण्यांना तिथे थांबून करण्यासारखं काही नसतं, आणि तुम्ही लवकर निघालात तर रस्ता तिथल्या लोकांसाठी मोकळा राहतो. खाऱ्या पाण्यात बुडालेली विजेची गाडी पेट घेऊ शकते, ती चालू करायला जाऊ नका. साचलेल्या पाण्यातून कुठलीच गाडी घालू नका.

निघताना वेळेसह खोलीचे फोटो काढा, मालकाला लेखी कळवा आणि वाटेतल्या मुक्कामाच्या पावत्या जपून ठेवा, विम्यासाठी त्या लागतात. वाटेत खोली शोधाल तर लेक सिटी-व्हॅल्डोस्टाला थांबू नका. हेलीन आणि इडालियाचा मार्ग त्याच पट्ट्यातून गेला होता. वादळ कुठल्या बाजूला वळतंय ते पाहा आणि मेकनपर्यंत किंवा थेट घरी या.